लय की ठेका?

प्रश्न असा आहे: हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरच्या औषधांची तुलना करणारं पत्रक मराठीत आणताना 'रेट कंट्रोल'ला 'गतिनियंत्रण' आणि 'रिदम कंट्रोल'ला 'लयनियंत्रण' म्हटलं तर चालेल का?

पहिलं चालेल. दुसऱ्यावर माझं घोडं अडतं. गाण्यात लय म्हणजे वेगच: विलंबित, मध्य, द्रुत. गवयाने 'लय वाढव' म्हटलं की तबलजी ठेका बदलत नाही, तोच भरभर वाजवतो. म्हणजे जरा कान असलेल्या वाचकाला तुमचे दोन्ही शब्द एकच वाटणार, आणि पत्रक लिहिलंय ते हे दोन उपचार वेगळे आहेत हे सांगायला!

एट्रियल फिब्रिलेशन घ्या. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात ('फडफड' नको, तो शब्द 'एट्रियल फ्लटर' या वेगळ्या बिघाडासाठी लागेल) आणि नाडी १३०-१४० ने कशीही पळते. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिनने ती ८० च्या आसपास येते. पण मनगटावर बोटं ठेवून बघा: दोन ठोके लगोलग, मग खंड, मग एक, मग तीन. वाजवणारा बेतालच आहे, आता सावकाश वाजवतोय इतकंच. अमिओडॅरोन किंवा फ्लेकेनाइडकडून अपेक्षा निराळी, 'धा धिं धिं धा' जागच्या जागी पडावं ही. म्हणून मी 'वेग आवरणे' आणि 'ठेका सावरणे' लिहीन. 'ताल'ही चालला असता, पण 'बेताल हृदय' म्हटलं की पुढाऱ्यांची वक्तव्यं आठवतात.

हा कीस उगाच नाही. गोळी 'लय' सुधारते असं कुठेतरी वाचून माझी मावशी रोज नाडी बघायची. आकडा ७६, ठोके मात्र वाकडेतिकडेच. गोळी कुचकामी ठरवून ती बंद करायला निघाली होती. गोळी वेगाची होती आणि आपलं काम चोख करत होती.

तुलना लिहिताना 'अधिक चांगलं' असं मोघम टाकू नका. २००२ च्या 'अफर्म' या उपचार-चाचणीत, ४,०६० रुग्णांमध्ये, नुसता वेग आवरण्यापेक्षा ठेका सावरून आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २०२० च्या ईस्ट चाचणीत मात्र निदानानंतर वर्षभराच्या आत ठेक्याकडे लक्ष दिलेल्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यू, पक्षाघात वगैरे मिळून कमी झाले. तेव्हा कुणासाठी आणि कधी, हे त्याच वाक्यात हवं.

'रक्त पातळ करणारी गोळी' तशीच राहू द्या. रक्त काही तिने पातळ होत नाही, ती गुठळी होऊ देत नाही; पण घरोघरी तेच म्हणतात. फक्त ती वेगाच्या रकान्यात बसत नाही आणि ठेक्याच्याही नाही. तिच्यासाठी तिसरा रकाना आखा.