देव नसला तरी वाडी लागते

“मावशी, आमचं काय चुकलं?” ओहायोहून आलेल्या पत्राची सुरुवातच अशी. लिहिणारी मूळची देवगडची. “मुलगा युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. देव न मानणाऱ्या मुलांचं मंडळ काढलंय त्यानं. पहिल्या मीटिंगला ४० जण आले, दुसऱ्या वेळी १२, परवा ४. रात्री फोनवर रडला. मला बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.”

अगं, लेकरू रडलं याचं आधी वाईट वाटू दे की! तीन पानी पत्रात त्या रडण्याला एक ओळ आणि सासूबाई काय म्हणतील याला दीड पान? हे मला आवडलं नाही.

तुमचं काही चुकलेलं नाही. आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. दापोलीकडच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिले, म्हणजे सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय, आणि देव मानत नाही हे त्यांनी कधी लपवलं नाही. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले र. धों. कर्वे तसेच. १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत स्वतःचं मासिक त्यांनी जवळजवळ एकट्यानं चालवलं. विचार पक्का, पण सोबतीला माणसं थोडी. तुझ्या पोराचं दुखणं तिथंच आहे.

तूच लिहिलंयस, “दर गुरुवारी देव आहे की नाही यावर चर्चा असते.” ज्यानं देव सोडला, त्यानं दर गुरुवारी तेच का ऐकावं? पोरं येतात ती माणसांसाठी.

आमचे थोरले काका आचऱ्याला राहत. त्यांना हात जोडताना कुणी पाहिलं नाही. पण चतुर्थीची माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची पानाफळांची चौकट, त्यांच्यासारखी वाडीत कुणाला बांधता यायची नाही. आदल्या दिवशी पहाटे कोयती घेऊन रानात शिरायचे आणि हरणं, कवंडळं, शेरवडं अशी रानातली फुलं-फळं आणि आंब्याचे टाळे घेऊन चिंब भिजून परतायचे. मग स्टुलावर उभं राहून एकेक कवंडळ सुंभानं बांधायचे, दोन पावलं मागे येऊन बघायचे आणि वाकडं दिसलं की सोडून पुन्हा बांधायचे. आरती सुरू झाली की ते मागच्या पडवीत, भजनकऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याच्या उसळीचा टोप ढवळत. तू देव मानतोस का, असं त्यांना कुणी विचारलं नाही. ते गेले तेव्हा पहिला खांदा भजनी बुवांनी दिला.

हे सगळं तुझ्या मुलाला सांग. तो आपल्यापासून तुटत नाहीये गं, तो तिकडे वाडी उभी करू बघतोय.

माझी धाकटी तिकडे शिकत असताना तिच्या अशाच मंडळातल्या एका मुलीचे वडील गेले. तिला ना चर्च, ना कुणी पाद्री. बाकीची मुलं गांगरली, मेसेज पाठवून मोकळी झाली. धाकटीला आठवलं, ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. तिनं भात शिजवला, लोणचं घेतलं आणि त्या मुलीच्या खोलीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुसरं कुणी डबा घेऊन गेलं. दहा दिवस हे चाललं. मंडळ खरं तर त्या दहा दिवसांत जमलं.

कॉलेजातला चॅप्लेन, म्हणजे तिथला धर्मगुरू, हेच करतो, अडल्या पोराजवळ जाऊन बसतो. हार्वर्डच्या चॅप्लेननी २०२१ साली आपला अध्यक्ष म्हणून ग्रेग एपस्टीन यांना निवडलं. ते देव न मानणारे, मानवतावादी चॅप्लेन आहेत.

तेव्हा चर्चा महिन्यातून एकदा पुरे. बाकीचे गुरुवार एकत्र रांधायचं. थँक्सगिव्हिंगला होस्टेलवर मागे राहिलेल्यांना बोलवायचं, परीक्षेच्या आठवड्यात रात्री चहा ठेवायचा. आणि एक फार जपायचं: देव सोडल्याचं घरी सांगू न शकलेली मुलं असतात, त्यांना विचारल्याशिवाय फोटो कुठे टाकायचा नाही. चौथ्या वर्षाची मुलं जायच्या आत पुढच्यांना हाताशी धरायचं, नाहीतर मंडळ त्यांच्याबरोबरच जातं. सेक्युलर स्टुडंट अलायन्स ही संस्था २००० सालापासून अशा मंडळांना मदत करते, तिला लिहू दे.

तुझ्या यजमानांना धास्ती आहे की युनिव्हर्सिटी कारवाई करेल. युनिव्हर्सिटी सरकारी आहे ना? मग निव्वळ मतं पटत नाहीत म्हणून मंडळाला मान्यता नाकारता येत नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९७२ सालीच तसं सांगितलंय. लग्नाचं काय, हे तू त्याच्या विसाव्या वर्षी विचारतेयस, म्हणून उत्तर देत नाही. सासूबाईंना नातू रडला एवढं सांग, बाकी त्या बघतील.

राहिलं गावी येण्याचं. चतुर्थीला त्याचं सेमिस्टर नुकतंच लागलेलं असतं, तेव्हा ओढू नकोस. डिसेंबरात घेऊन ये. जत्रांचे दिवस असतात, दशावतार रात्रभर चालतो. उतरायला माझ्याकडेच या, उसळीचा टोप अजून आहे.