ज्युलियन यांचा गीतकोश आणि टपाल

रेव्हरंड जॉन ज्युलियन यांचा ‘डिक्शनरी ऑफ हिम्नॉलॉजी’ हा ख्रिस्ती उपासनागीतांचा कोश लंडनच्या जॉन मरे यांनी १८९२ साली प्रसिद्ध केला. इंग्लंडातील शेफील्डजवळच्या विंकोबँक या कारखान्यांच्या वस्तीत व्हिकर, म्हणजे तेथील चर्चचा धर्मगुरू, असलेल्या माणसाने एवढे काम पत्रव्यवहारावर कसे चालवले, आणि त्यास दहा वर्षांहून अधिक काळ का लागला, असे आपण विचारले आहे. (मराठीत ‘स्तोत्र’ म्हटले की बायबलातील स्तोत्रसंहिता आठवते, म्हणून येथे ‘गीत’ हाच शब्द वापरतो.)

विलंबाचे मूळ गीतांच्या पाठांत, म्हणजे शब्दांच्या निरनिराळ्या रूपांत, आहे. उपासनेच्या पुस्तकांचे संपादक गीतांत बेधडक फेरफार करीत आणि पुष्कळदा कवीचे नावही गाळीत. चार्ल्स वेस्ली यांच्या १७३९ च्या नाताळगीताचा आरंभ ‘हार्क, हाऊ ऑल द वेल्किन रिंग्ज’ असा होता. आज सर्वत्र गायिली जाणारी ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ ही ओळ जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या १७५३ च्या संग्रहातून रूढ झाली. असा गुंता सोडवायचा तर मूळ छापील प्रत कोणाजवळ आहे ते शोधून तिच्यातील पाठ उतरवून मागवणे, आणि कवी हयात असल्यास त्यालाच विचारणे, हाच मार्ग होता. १८४० पासूनचे ब्रिटनमधील एका पेनीचे स्वस्त टपाल आणि १८७४ चा आंतरराष्ट्रीय टपाल करार नसता, तर एका व्हिकरच्या मिळकतीत हे झेपले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मन गीतांचा मोठा भार सहायक संपादक जेम्स मर्न्स यांनी उचलला, आणि लेखांखाली आद्याक्षरे असल्यामुळे कोणते काम कोणाचे हे आजही कळते.

छपाईस आरंभ झाल्यावर मात्र उशिरा आलेले पत्र हीच अडचण होई. शिशाचे खिळे जुळवून पाने बांधल्यावर मध्ये एक नोंद घालायची म्हणजे पुढची पाने पुन्हा उकलायची. त्यामुळे अशी माहिती अखेरच्या पुरवण्यांत गेली, आणि १९०७ च्या सुधारित आवृत्तीस आणखी एक पुरवणी जोडावी लागली. म्हणून आपण शोधत असलेले नाव मुख्य क्रमात सापडले तरी पुरवण्या पाहिल्याशिवाय कोश मिटू नये. मुख्य नोंदीची दुरुस्ती तेथे असू शकते. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा असल्याने १८९२ च्या आवृत्तीत त्यांची गीते शोधणे व्यर्थ आहे. प्रत घ्यायचीच असेल, तर १९०७ च्या आवृत्तीवरून डोव्हर या प्रकाशनसंस्थेने १९५७ साली काढलेले दोन खंड घ्यावेत.