१२ बाय ११ च्या खोलीत टॉवर स्पीकर घेऊ का? आत्ताच्या स्पीकरचा बेस नुसता घुमतो

टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) सध्या तरी घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की खोली १२ बाय ११ फूट, छत १० फुटांवर, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, छोटे स्पीकर समोरच्या दोन कोपऱ्यांत, बेस घुमतो आणि गाण्याचे शब्द नीट कळत नाहीत. एवढ्या माहितीवरून मला स्पीकरबद्दल काहीच सांगता येत नाही, पण खोलीबद्दल बरंच सांगता येतं.

मी हे सगळं करून बसलोय म्हणून एवढं ठासून सांगतोय. बुकशेल्फमध्ये (म्हणजे कपाटात मावतील अशा छोट्या स्पीकरमध्ये) दम नाही असं वाटून मोठे टॉवर आणले आणि पहिल्याच संध्याकाळी डग्ग्याची प्रत्येक थाप एकाच सुरात घुमायला लागली, म्हणजे वादक तळहात सरकवून सूर वर नेतोय हे रेकॉर्डिंगमध्ये आहे, हेडफोनवर स्वच्छ ऐकू येतं, पण खोलीत मात्र सगळं एकच धम्म. विकणारा म्हणाला वायर बदला, मग म्हणाला ॲम्प (ॲम्प्लिफायर) बदला, काही महिने त्यातच गेले. शेवटी एकदा केर काढताना सोफा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढलेला होता, तसाच त्यावर बसून तेच रेकॉर्डिंग लावलं तर घुमारा निम्म्यावर आलेला.

का होतं ते सांगतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी बरोबर मावते तो सूर खोली फुगवते. हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचं. तुमचे १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, उत्तर आलं ४७ हर्ट्झ (सेकंदाला ४७ कंपनं, म्हणजे खूप खालचा सूर). ११ फुटांचं ५१ आणि छताचं ५६. बघा, तिन्ही आकडे एकमेकांना खेटून! लांब-अरुंद खोलीत हे जरा पांगतात, तुमची खोली जवळपास घनाकृती आहे म्हणून सगळा भार ५० च्या आसपास पडतो. त्यात भर म्हणजे या लहरींचा दाब भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो आणि कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर तिघींनाही एकदम चेतवतो. म्हणजे स्पीकर पण सगळ्यात घुमणाऱ्या जागी आणि तुमचे कान पण.

पटत नसेल तर फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, ४७ हर्ट्झचा टोन स्पीकरवर हळू आवाजात लावा (हळूच लावा, छोट्या वूफरला, म्हणजे स्पीकरमधल्या बेस वाजवणाऱ्या भागाला, एवढा खालचा सूर झेपत नाही) आणि खोलीत चालून बघा. भिंतीपाशी आवाज अंगावर येईल, १२ फुटांच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होईल. म्हणून मधोमध पण बसू नका. मागच्या भिंतीपासून साधारण लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे साडेचार फुटांवर, कान येतील असं बसायचं हा चालत आलेला अंदाज आहे, तिथून सुरुवात करून एकेक वीत पुढेमागे सरका. जागाच नसेल तर निदान दोन फूट तरी सोफा पुढे घ्या.

स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. स्पीकरच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर सारखं ठेवू नका, कारण भिंतीवरून परतलेला आवाज उलटा येऊन मूळ आवाजाला खातो आणि काही सूर दबून खड्डा पडतो, दोन्ही अंतरं सारखी असली की तो खड्डा एकाच सुरापाशी आणखी खोल होतो. वूफर भिंतीपासून ८० सेंटीमीटरवर असेल तर हा खड्डा १०७ हर्ट्झच्या आसपास पडतो. ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर, आणि दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत आणि माझ्या अनुभवात नव्या स्पीकरपेक्षा मोठा फरक इथेच पडतो.

आता शब्द न कळण्याबद्दल. मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा, मागे झिणझिण असा आवाज आला तर भिंती उघड्याबोडक्या आहेत. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका नव्या लेक्चर हॉलमध्ये वक्त्याचा शब्दच कळेना, ते काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं, तर त्याने रात्री-रात्री दुसऱ्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या तिथे आणून मांडल्या आणि किती गाद्यांना निनाद किती कमी होतो ते मोजत बसला. खोल्यांच्या ध्वनीशास्त्राची सुरुवात तिथून झाली असं म्हणायला हरकत नाही. तेव्हा गालिचा, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट हे सगळं खरंच कामाचं आहे. बाजूच्या भिंतीवर कोणाला तरी आरसा सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे शोषून घेणारं काहीतरी हवं, रॉकवूलचं (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचं) १० सेंटीमीटर जाड पॅनल असेल तर उत्तम.

पातळ फोम आणि अंड्यांचे ट्रे मात्र लावू नका. ते फक्त वरचे सूर गिळतात, बेस तसाच राहतो, मग खोली एकाच वेळी मंद पण आणि घुमणारी पण. ४७ हर्ट्झची लहर ७ मीटरपेक्षा लांब असते, तिला दोन बोटं जाडीचा फोम काय अडवणार! कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूलचा जाड थर केला तर थोडा फरक पडतो, उरलेलं इक्यूने (इक्वलायझर, ठराविक सूर कमी-जास्त करायची सोय). आरईडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि एक मोजणीचा माइक एवढ्यावर खोलीत कुठला सूर किती जोरात येतो त्याचा ग्राफ काढता येतो, त्यात जो उंचवटा दिसेल तो कापा, खड्डा भरायला जाऊ नका, ६ डेसिबल वाढवायचे तर ॲम्पला चौपट पॉवर द्यावी लागते आणि भिंत तेही खाऊन टाकते.

स्पीकर निवडायचेच झाले तर एवढ्या खोलीला ५ ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ भरपूर होतात. वॉटच्या आकड्यामागे लागू नका, १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर १० वॉटला ९६ देतो, आणि तुम्ही बसणार दोनच मीटरवर, म्हणजे थोडे वॉट पुरतात. बघायचं काय तर मोजमापाचे ग्राफ. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनी-संशोधकांनी लोकांना पडद्याआडून स्पीकर ऐकवून वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यात बहुतेकांना आवडले ते समोरून सपाट (सगळे सूर सारख्या जोराचे) आणि बाजूने हळूहळू, न अडखळता उतरत जाणारे स्पीकर, कारण बाजूचा आवाजच भिंतींवरून आपल्याकडे येतो. २००-२५० हर्ट्झच्या वर स्पीकर कसा आहे ते महत्त्वाचं, तुमच्या खोलीत त्याच्याखाली खोलीचंच राज्य.

हे सगळं करूनही बेस कमी वाटला तर टॉवरऐवजी सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) घ्या, कारण तो हवा तिथे हलवता येतो. आधी तो तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेसचा तुकडा लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका, जिथे प्रत्येक सूर वेगळा आणि सारख्या जोराचा ऐकू येईल ती सबची जागा. सोफा हलवल्यावर काय फरक पडला ते इथे लिहा, मोजलेला ग्राफ टाकलात तर मी बघून इक्यूचे आकडे सांगतो.