सरनामा म्हणजे पत्ता

प्रश्न आला आहे तो असा: संविधानाच्या सुरुवातीच्या मजकुराला सरनामा म्हणायचं, उद्देशिका म्हणायचं की प्रास्ताविका?

आधी एक राग काढून घेतो. २६ जानेवारी आली की कुणीतरी माइकवरून 'आता आपण संविधानाची प्रतिज्ञा घेऊ या' म्हणतं आणि पुढे 'आम्ही, भारताचे लोक' सुरू होतं. अहो, प्रतिज्ञा म्हणजे 'भारत माझा देश आहे'. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली. दोन्ही एकाच रांगेत उभं राहून म्हणतात म्हणून त्या एक होत नाहीत.

आता सरनामा. यातला 'नामा' संस्कृत 'नाम' नव्हे. करारनामा, पंचनामा, जाहीरनामा यांतला तो फारसी नामा, म्हणजे लिहिलेला कागद, पत्र. 'सर' म्हणजे डोकं, सरदारातलं. जुन्या मराठीत सरनामा म्हणजे पत्रावर लिहिलेला पत्ता. आता आपला सरनामा वाचा. आरंभी 'आम्ही, भारताचे लोक', हा पाठवणारा. अखेरीस 'स्वतःप्रत अर्पण करीत आहोत', हा घेणारा. पाठवणाराही तोच, घेणाराही तोच! असं पत्र कुठल्या दरबारातून निघालं असतं?

त्याच्या माथ्यावर 'श्री' घालायचा प्रयत्नही झाला होता. 'ईश्वराच्या नावाने' अशी सुरुवात करा, ही हरि विष्णू कामतांची सूचना ऑक्टोबर १९४९ मध्ये संविधानसभेत मतास टाकली गेली. बाजूने ४१, विरुद्ध ६८. पुढे वाद निघाला की पत्ता हा पत्राचा, म्हणजे सरनामा हा संविधानाचा भाग धरायचा का? १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात म्हणालं, आहे.

भाषाशुद्धीवाल्यांना हा शब्द फारसी म्हणून नको असतो. ठीक. मग तक्रारीचा अर्ज 'सरकार'कडे करू नका, तोही फारसीच आहे.

उद्देशिका म्हणजे उद्देशांची यादी, असं जाणकार सांगतात आणि नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव पुरावा म्हणून पुढे करतात. यादी कुठे दिसली यांना? सगळा मजकूर एका वाक्याचा! मूळ धातू दिश्, म्हणजे दाखवणं, दिशा देणं. 'हे मला उद्देशून बोललास का?' यातला उद्देश घ्या की. म्हणजे इथेही पत्ताच निघाला. कोशात हे मिळणार नाही, पण मी माझं म्हणणं सोडणार नाही.

हां, प्रश्न राहिलाच. छापील मराठी संविधानात उद्देशिका आहे, तेव्हा कागदोपत्री तेच लिहा. बोलताना सरनामा म्हणा, प्रास्ताविका म्हटलंत तरी मी भांडणार नाही. 'प्रस्तावना' तेवढी पुस्तकांना राहू द्या.