मुलगा दहावीत आहे, पिचर आहे: अमेरिकेत कॉलेज बेसबॉलसाठी काय करावं लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहता, मुलगा दहावीत, उजव्या हाताचा पिचर (चेंडू टाकणारा), फास्टबॉल म्हणजे त्याचा सर्वात वेगवान चेंडू ताशी ७८ मैल. एका मोठ्या विद्यापीठाकडून कॅम्पची ईमेल आली आहे, एक रिक्रूटिंग सर्व्हिस काही हजार डॉलर मागते आहे, तुम्ही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, मुलगा एच-फोर या अवलंबितांच्या व्हिसावर, आणि या सगळ्यातून स्कॉलरशिप मिळणार का? माझा मुलगा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) आहे, या चक्रातून जाऊन आता डिव्हिजन थ्रीच्या एका कॉलेजात खेळतो. (कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए. तिचे तीन स्तर: डिव्हिजन वन सर्वात वरचा, थ्री सर्वात खालचा.) त्या आधारावर लिहितो.

सर्व्हिसला पैसे देऊ नका. ती जे करते, म्हणजे कोचचे पत्ते शोधणं आणि त्यांना ईमेल पाठवणं, ते तुमचा मुलगा फुकटात करू शकतो आणि त्याने ते स्वतः केलेलंच कोचना आवडतं. सगळे पत्ते कॉलेजच्या वेबसाइटवर उघड असतात.

आता कॅम्पची ईमेल. डिव्हिजन वनच्या कोचला, मुलाची अकरावी सुरू होण्याआधीचा १ ऑगस्ट उजाडेपर्यंत, त्याच्याशी रिक्रूटिंगबद्दल बोलायलाच परवानगी नाही. बेसबॉलला हा नियम २०२३ मध्ये लागला. त्याआधी आठवी-नववीतली पोरंसुद्धा 'कमिट' झाल्याचं, म्हणजे कॉलेज ठरल्याचं, जाहीर करायची. कॅम्पची जाहिरात मात्र कुणालाही, कधीही पाठवता येते आणि ती ढिगाने पाठवली जाते. कॅम्प हा बेसबॉल विभागाच्या कमाईचा भाग असतो, त्यात गैर काही नाही. फक्त ते आमंत्रण म्हणजे निवड असं समजून गावाला फोन करू नका. कोचला खरोखर रस असेल तर ईमेलमध्ये तुमच्याच मुलाबद्दल काहीतरी असतं. अमुक स्पर्धेत, अमुक मैदानावर, तिसऱ्या इनिंगमध्ये टाकलेला चेंजअप (फसवायला मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) आवडला, असं. आणि थोड्याच दिवसांत तो ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, मागतो. ट्रान्सक्रिप्ट मागितला की समजा बोलणी सुरू झाली.

'नाही' असं मात्र कोच कधी म्हणत नाहीत. "तू आमच्या यादीत आहेस, उन्हाळ्यात पुन्हा बघायला आवडेल" हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की पाठ होईल. लग्नाच्या बोलण्यांत मुलाकडचे चहा-पोहे खाऊन "कळवतो" म्हणायचे, तोच हा प्रकार. त्यांना राग दाखवू नका, पण त्यांच्या भरवशावर बसूही नका.

डिव्हिजन वनची दारं हायस्कूलच्या मुलांसाठी का अरुंद झाली आहेत, ते नीट समजून घ्या, कारण ट्रॅव्हल टीमचे, म्हणजे पैसे भरून खेळायच्या शाळेबाहेरच्या संघांचे, लोक हे सांगत नाहीत. त्यांचा धंदा आशेवर चालतो. मेजर लीगचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडायची पद्धत, २०१९ पर्यंत ४० फेऱ्यांचा होता, २०२० मध्ये ५ फेऱ्यांचा झाला आणि २०२१ पासून २० फेऱ्यांचा आहे. म्हणजे पूर्वी जी मुलं व्यावसायिक संघांकडे गेली असती, ती आता कॉलेजात येतात किंवा कॉलेजातच राहतात. त्यात ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं. एका कॉलेजातून दुसऱ्यात गेल्यावर पूर्वीसारखं वर्षभर बाहेर बसावं लागत नाही. कोचला जिंकायचं असतं, नोकरी टिकवायची असते. त्याच्यासमोर १८ वर्षांचा तुमचा मुलगा आणि दोन वर्षं कॉलेज बेसबॉल खेळून आलेला २१ वर्षांचा दाढीवाला गडी उभा राहिला तर तो कुणाला घेईल? त्याच्या जागी मी असतो तर मीही दाढीवाल्यालाच घेतलं असतं.

आणि आता संघाच्या आकारावरच मर्यादा आली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याचा, म्हणजे कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्याचा, समझोता मंजूर झाला. तो स्वीकारलेल्या कॉलेजांत २०२५-२६ पासून बेसबॉलच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, फक्त ३४ जण. पूर्वी नियम असा होता की संपूर्ण संघाला मिळून ११.७ स्कॉलरशिप आणि त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या. प्रत्येकाला किमान चतुर्थांश. पूर्ण स्कॉलरशिपवर बेसबॉल खेळणारा मुलगा म्हणूनच विरळा असायचा. समझोता स्वीकारणाऱ्या कॉलेजांवर आता ती मर्यादा नाही, ३४ च्या ३४ जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. 'देता येते' म्हणजे 'देतात' असं नाही. फुटबॉलच्या पैशावर चालणाऱ्या मोठ्या कॉन्फरन्स (कॉलेजांचे गट) देऊ शकतात, बाकीच्यांकडे तेवढा पैसाच नाही. डिव्हिजन टूमध्ये अख्ख्या संघाला मिळून ९ स्कॉलरशिप. डिव्हिजन थ्रीत आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शून्य.

कुणी नातेवाईक कुमार रॉकरचं नाव काढतीलच. आईकडून तो भारतीय, व्हँडरबिल्टकडून खेळताना २०१९ मध्ये ड्यूकविरुद्ध १९ स्ट्राइकआउट करत नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात एकही हिट दिली नाही, आता टेक्सस रेंजर्समध्ये आहे. अभिमान जरूर वाटू द्या. पण तो साडेसहा फुटांच्या जवळपास उंच आहे आणि त्याचे वडील एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये खेळलेले आहेत, हेही त्या नातेवाइकांना सांगा.

मग तुमच्या मुलाचं काय? दहावीत ७८ मैल म्हणजे वाईट अजिबात नाही. ढोबळमानाने, डिव्हिजन वनचे कोच बारावीपर्यंत उजव्या हाताच्या पिचरकडे नव्वदीच्या आसपासचा वेग शोधतात, डावखुऱ्याला थोडी सूट मिळते. डिव्हिजन थ्रीच्या चांगल्या संघांत ८०-८५ वाला, ज्याला स्ट्राइक टाकता येते आणि दुसरा एक तरी चेंडू विश्वासाने टाकता येतो, तो खपतो. पुढच्या दोन वर्षांत मुलगा किती वाढेल हे कुणाच्याच हातात नाही. हात शाबूत ठेवणं आहे. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या 'पिच स्मार्ट' सूचनांप्रमाणे १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, ७६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, वर्षाला १०० इनिंगपेक्षा जास्त नाही, आणि वर्षातले किमान चार महिने पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग हात डोक्यावर नेऊन फेकणंच बंद. हिवाळी शोकेस, म्हणजे कोचसमोर खेळ दाखवायचे कार्यक्रम, नेमके त्याच महिन्यांत असतात. जाऊ नका. थंड पडलेल्या हाताने, रडार गनसाठी, महिनाभर विश्रांतीवर असताना अचानक जोर लावणं म्हणजे कोपराच्या लिगामेंटशी जुगार.

शोकेसमध्ये नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे किती पैसे घालायचे ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. होम प्लेटच्या मागे जाळीपलीकडे घडीच्या खुर्च्यांवर कोच बसलेले असतात. पिचरने पहिला चेंडू टाकायच्या आत सगळ्या रडार गन एकदम वर येतात. दोन-तीन चेंडूंनंतर अर्ध्या खाली जातात. ज्या वर राहिल्या त्या मोजा, बाकी सगळी भाषणं फिजूल. कॅचरचं तसंच स्टॉपवॉचवर: चेंडू मिटवर आदळल्यापासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हमध्ये पडेपर्यंत किती वेळ लागला. दोन सेकंदांच्या आसपास असेल तर पेन्सिल चालते, नाहीतर कोच फोनमध्ये बघतो. पण जे थांबतात ते त्यानंतर आकड्यांच्या पलीकडचं बघतात. वॉक दिल्यावर (चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला फुकट बेस दिल्यावर) पोरगा पंचाकडे डोळे वटारतो का. स्वतःची बॅग स्वतः उचलतो का. आई डगआउटच्या जाळीतून पोळीचा रोल आत सरकवते का! हसू नका, आपल्याकडच्या घरांत हे होतं, आणि कोचच्या नजरेतून सुटत नाही.

म्हणून मोठ्या, नावाजलेल्या शोकेसमध्ये आकडे तयार होण्याआधी जाऊ नये. शोकेस भरवणाऱ्या परफेक्ट गेम या कंपनीच्या साइटवर नोंदलेला वेग तिथेच राहतो, कोच आधी तेच बघतात. तुम्ही टेक्ससमध्ये आहात, गाडीच्या पल्ल्यात इतकं बेसबॉल आहे की फ्लोरिडाचं विमान पकडायची गरज नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा.

दरम्यान ईमेल. मुलानेच लिहायची, त्याच्याच ईमेल खात्यावरून. विषयाच्या ओळीतच बारावी संपण्याचं वर्ष (२०२८), उजव्या हाताचा पिचर, उंची, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी, साधारण ४ पैकी), शाळेचं गाव. आत पाच-सहा ओळी: याच कॉलेजला का लिहितोय याचं एक खरं कारण, शिक्षकांच्या नव्हे तर कोचच्या संपर्काचा तपशील, उन्हाळ्यातल्या सामन्यांच्या तारखा आणि मैदानाचा नंबर, व्हिडिओची लिंक. व्हिडिओ दोन मिनिटांच्या आत, एक कोन मागून आणि एक बाजूने, रडारचा आकडा दिसला तर उत्तम, संगीत नको. मुख्य कोचबरोबर पिचिंग कोच आणि रिक्रूटिंग बघणारा असिस्टंट, या दोघांनाही पाठवा, वाचतात तेच. आत्ता डिव्हिजन वनकडून उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, त्यांना देताच येत नाही. डिव्हिजन टूला अकरावीआधीच्या १५ जूनपासून बोलता येतं. डिव्हिजन थ्रीचे कोच आत्ताही उत्तर देऊ शकतात.

आणि फोन आला तर तो मुलाने घ्यायचा. तुम्ही शेजारी बसून खुणा करायच्या नाहीत. पैशाचं बोलणं आलं की तुम्ही.

आता माझं खरं मत, ते तुम्हाला कदाचित रुचणार नाही. आपल्यापैकी बहुतेक मुलांसाठी बेसबॉलची किंमत पैशात नाही, प्रवेशात आहे. जॉन्स हॉपकिन्स आपल्याला डॉक्टरांमुळे माहीत आहे. त्यांचा बेसबॉल संघ डिव्हिजन थ्रीत खेळतो आणि २०२३ मध्ये राष्ट्रीय अंतिम फेरीत होता. सॅन अँटोनिओची ट्रिनिटी युनिव्हर्सिटी तुमच्याच राज्यात आहे, २०१६ ची डिव्हिजन थ्री विजेती. एमआयटी आणि कॅलटेकलाही संघ आहेत. (कॅलटेकने सलग २२८ सामने हरून २०१३ मध्ये एकदाचा एक जिंकला. तिथे जायचं तर मनाची तयारी ठेवा.) अशा काही कॉलेजांत अकरावीचे मार्क हातात आल्यावर, साधारण जुलैत, कोच मुलाचा ट्रान्सक्रिप्ट प्रवेश विभागाकडे आधीच दाखवतो. तिकडून होकार वाटला तर कोच म्हणतो, अर्ली डिसिजनमध्ये (एकाच कॉलेजला बांधील राहून लवकर) अर्ज कर, मी पाठिंबा देतो. त्या पाठिंब्याचं वजन प्रत्येक कॉलेजात वेगळं, म्हणून मुलाने सरळ विचारावं: तुमचा पाठिंबा मिळालेल्या किती मुलांना गेल्या वर्षी प्रवेश नाकारला? प्रामाणिक कोच आकडा सांगतो.

त्यामुळे कॅल्क्युलसची शिकवणी बुडवून बॅटिंग केजमध्ये जाणं हा तोट्याचा सौदा. डिव्हिजन वनसाठी एनसीएएची अट तशी हलकी आहे: १६ ठरावीक विषय, त्यात २.३ जीपीए, आणि १६ पैकी १० विषय बारावी सुरू होण्याआधी पूर्ण. आपल्या घरात २.३ वर कुणी जेवायला वाढणार नाही! पण ते १६ विषय शाळेच्या मंजूर यादीतलेच लागतात, म्हणून समुपदेशकाकडून एकदा तपासून घ्या. नववी भारतात झाली असेल तर तिथली मार्कलिस्टही द्यावी लागते. एसएटी एनसीएएला २०२३ पासून लागत नाही, चांगल्या कॉलेजांपैकी बऱ्याच जणांना लागते.

जुकोचा रस्ता, म्हणजे दोन वर्षांची कॉलेजं, आपले लोक ऐकताच नाक मुरडतात. टेक्ससमध्ये तो कमीपणाचा नाही. ह्यूस्टनजवळच्या सॅन जासिंतोमधून रॉजर क्लेमन्स आणि अँडी पेटिट निघाले. वाढ उशिरा होणाऱ्या पिचरला तिथे दोन वर्षं भरपूर सामने मिळतात. फक्त पुढच्या कॉलेजात कोणते क्रेडिट चालतील ते प्रवेशाआधी लेखी घ्या.

लेखीवरून आठवलं: तोंडी कमिटमेंट दोन्ही बाजूंना बांधत नाही. कोच बदलला की शब्दही गेला. नॅशनल लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता कॉलेजबरोबरचा आर्थिक मदतीचा करार हाच कागद. आणि 'प्रिफर्ड वॉक-ऑन', म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात ये, असं म्हणाले तर पैसे शून्य, जागेचीही खात्री नाही; ३४ च्या मर्यादेनंतर तर नाहीच.

शेवटी व्हिसा. एच-फोरवर खेळाची स्कॉलरशिप घ्यायला अडचण नाही. पण एफएएफएसए हा सरकारी अर्ज भरून मिळणारी मदत एच-फोरच्या मुलाला मिळत नाही, आणि काही कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. कोचला हे बहुधा माहीत नसतं, तो सवयीने "आर्थिक मदत छान मिळते" म्हणून जातो. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला आत्ताच ईमेल करून विचारा: एच-फोरवरच्या विद्यार्थ्याला मेरिट आणि गरजेवर आधारित मदत मिळते का? एनआयएलचे पैसे, म्हणजे नाव आणि चेहरा वापरू दिल्याबद्दल मिळणारे, एच-फोर किंवा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर घेणं हा कामाच्या परवानगीचा प्रश्न होतो; संघातले बाकीचे टी-शर्ट विकत असले तरी वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही. आणि ग्रीन कार्ड त्याच्या २१ व्या वाढदिवसाआधी (त्यानंतर एच-फोर संपतो) येण्याची शक्यता नसेल, तर एच-फोरवरून एफ-वनवर कधी जायचं हे अकरावीतच वकिलाशी बोलून ठेवा, कारण काही कॉलेजांत मदतीचं गणित अर्जाच्या वेळच्या व्हिसावर ठरतं.