उत्तर: २२ जणांचं बुकिंग, कोस्टर बंद, आणि ऑफिस म्हणतं ‘सगळं चालू आहे’

निपाणीच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. थीम पार्कचं २२ जणांचं बुकिंग, निम्मे पैसे भरलेले, आणि आता तिकडून परत आलेले ओळखीचे लोक सांगतायत की मोठी रोलर कोस्टर बंद आहे, वॉटर पार्कच्या अर्ध्या भागाला पत्रे मारलेत. ऑफिसला विचारलं तर ‘सगळं चालू आहे मॅडम, तारीख बदलता येणार नाही.’ अगदी हेच उत्तर आम्हालाही मिळालं होतं. म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

तिकीट कुठं काढायचं, मुलांची उंची घरीच मोजायची, नायलॉनचे कपडे न्यायचे, हे सोडून देतो. ते तुम्हाला माहीत असणारच.

आधी हे बघा की राइड कशामुळं बंद आहे. देखभाल किंवा बांधकाम असेल तर ते पार्कला खूप आधीपासून ठाऊक असतं, आणि ते तुम्हाला सांगणं त्यांचं काम आहे. त्याच दिवशी झालेला बिघाड किंवा हवामान असेल तर आधी कुणीच सांगू शकत नाही, त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. कोस्टरच्या रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी सोडतात. एखाद्या सेन्सरचा निरोप जुळला नाही की यंत्रणा आपोआप गाड्या पुढच्या ब्रेकवर थांबवते. लोक लगेच ऑपरेटरवर तोंड टाकतात. टाकू नका, थांबली म्हणजे यंत्रणा नीट काम करतेय. विजा चमकायला लागल्या की वॉटर पार्कचे तलाव रिकामे करतात, वारा वाढला की ड्रॉप टॉवर (उंचावरून एकदम खाली सोडणारी राइड) आणि उंच पाळणे थांबवतात. पावसात ब्रेक ओले होऊन गाडी थांबायचं अंतर वाढतं, म्हणून उघड्यावरच्या कोस्टरही बंद ठेवतात.

देखभालीचं मात्र नीट समजून घ्या, कारण काउंटरवरची मुलं यातच हमखास चुकीचं सांगतात. वार्षिक तपासणीत गाडी पूर्ण खोलतात. चाकांवरचं झिजलेलं पॉलियुरेथेन बदलतात. ॲक्सल आणि वेल्डिंगच्या जोडांत डोळ्यांना न दिसणारी चीर आहे का, हे रंगद्रव्य, चुंबकीय कण किंवा अल्ट्रासाउंड लावून बघतात. प्रत्येक सीटच्या लॉकबारची, म्हणजे माणसाला धरून ठेवणाऱ्या दांड्याची, कुलपं वेगळी तपासतात. चीर सापडली तर नवा भाग बरेचदा परदेशातल्या कंपनीकडून मागवावा लागतो. तो आला की बसवायचा, पाण्यानं भरलेले पुतळे सीटवर ठेवून फेऱ्या मारायच्या, मगच माणसं बसवायची. म्हणून ‘येत्या शनिवारी चालू होईल’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्यावर २२ जणांचा प्रवास ठरवू नका. भाग येऊन बसवलाय का, चाचण्या सुरू झाल्या का, हे विचारा. नाही म्हणाले तर शनिवार विसरा.

आता खरा मुद्दा. एक राइड बंद म्हणजे एक राइड कमी, एवढा साधा हिशोब नसतो. तिची सगळी गर्दी उरलेल्या राइडवर येते. शिवाय राइड ‘चालू’ असूनही निम्मीच चालू असू शकते. २४ सीटची गाडी, दोन गाड्या, दर दोन मिनिटांनी एक सुटते असं धरा. तासाला ७२० माणसं होतात. पुढं ३०० जण असतील तर २५ मिनिटांत नंबर लागतो. त्यातली एक गाडी देखभालीला गेली की गाडी फिरून येणार, माणसं उतरणार, नवी बसणार, बार तपासणार आणि मग सुटणार. चार-पाच मिनिटांनी एक फेरी. तासाला २८८ ते ३६० माणसं. तेच ३०० जण, तीच रांग, आणि नंबर लागायला जवळजवळ तास. बोर्डावर मात्र ‘चालू’च लिहिलेलं असतं! म्हणून ‘राइड चालू आहे का’ एवढंच विचारून भागत नाही, ‘किती गाड्यांवर चालू आहे’ हे विचारायचं. आत गेल्यावर स्वतःही बघता येतं. स्टेशनजवळ आठ-दहा मिनिटं उभं राहून घड्याळ लावा, दोन गाड्या सुटण्यात किती वेळ जातो ते कळतं. चार मिनिटांच्या वर जात असेल तर ती राइड सकाळी पहिलीच उरका किंवा शेवटच्या तासावर ठेवा, मधल्या वेळेत तिथं उभं राहू नका.

मोठमोठ्या पार्कांचीही यातून सुटका नाही. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमधली बॅटलस्टार गॅलॅक्टिका ही जोडकोस्टर (शेजारी-शेजारी धावणाऱ्या दोन कोस्टर) २०१३ मध्ये बंद झाली ती २०१५ मध्ये उघडली, आणि उघडली तेव्हा एका ओळीत चारऐवजी दोनच सीट होत्या. तिथलाच मादागास्कर विभाग २०२२ मध्ये बंद झाला, त्या जागी मिनियन लँड फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालं. एवढा काळ पार्कचा एक अख्खा तुकडा पत्र्यांमागं. तोक्यो डिस्नेलँडचं स्पेस माउंटन हे कोस्टर जुलै २०२४ अखेर बंद झालंय, नवं २०२७ मध्ये येणार. फरक एवढाच की तिकडं कुठली राइड कुठल्या तारखेपासून बंद, याची यादी आधीच जाहीर करतात. आपल्याकडं ती मागून घ्यावी लागते.

बांधकामाचा त्रास राइडपेक्षा चालण्यात जास्त होतो, आणि ज्येष्ठांना तो आधी जाणवतो. पत्रे मारले की गोल फिरून येणारा रस्ता तुटतो आणि आल्या वाटेनं परत यावं लागतं. पत्र्यांच्या आत नेमकी झाडाची सावली, पाण्याचा नळ, एखादं स्वच्छतागृह गेलेलं असतं. वॉटर पार्कमध्ये कपडे बदलायच्या खोल्या आणि लॉकर कमी होतात, दुपारी चारनंतर तिथली रांग कोस्टरपेक्षा मोठी असते. तुमच्यात आजी-आजोबा असतील तर राइडच्या आधी हे विचारा.

आता त्या ऑफिसबद्दल. पार्क कुठलं, शहर कुठलं, ते लिहिणार नाही. तिथल्या ग्रुप बुकिंगच्या ऑफिसनं आमची पूर्ण रक्कम आगाऊ घेतली, फोनवर दोनदा ‘सगळं चालू’ सांगितलं, आणि गेटवर गेल्यावर मुख्य कोस्टर, एक अंधारी राइड आणि लाटांचा तलाव (वेव्ह पूल), तिन्ही देखभालीला. आजची गोष्ट नव्हे, काम आधीपासून चाललेलं. चौकशी काउंटरनं पावतीमागची बारीक अक्षरातली अट दाखवली: राइड पूर्वसूचनेशिवाय बंद राहू शकतात, परतावा नाही. फोनवर कोण बोललं याची त्यांच्याकडं नोंद नाही म्हणे. नंतरच्या मेलला ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढंच उत्तर, आणि मग तेही बंद. लहान मुलं वर्षभर पैसे साठवून येतात, आयाबाया पहाटे तीनला उठून दशम्या बांधतात, आणि यांना दोन ओळी खऱ्या लिहायला होत नाहीत. अचानक बिघाड झाला तर माणूस समजून घेतो. पण माहीत असून लपवणं ही फसवणूक आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याकडं राइडची यादी रोज सकाळी जाते, ती पुढं पाठवायला काय लागतं?

तर तुम्ही आज संध्याकाळीच मेल टाका. फोन करू नका, केलात तर ‘आपल्या बोलण्यानुसार’ म्हणून तेच लगेच मेलवर लिहा. आमच्या तारखेला कुठल्या राइड आणि स्लाइड देखभाल किंवा बांधकामामुळं बंद असणार आहेत, नावानिशी कळवा. मोठ्या कोस्टर किती गाड्यांवर चालणार? लाटांचा तलाव पूर्ण चालू असेल का? आणि यातलं मोठं काही बंद असेल तर शुल्क न घेता तारीख बदलून द्याल का? उत्तराला तीन दिवसांची मुदत लिहा. उत्तर आलं नाही तरी तुमचा मेल हा पुरावाच आहे. तोपर्यंत उरलेले पैसे भरू नका. आणि पहिले पैसे पार्कला भरलेत की निपाणीतल्या एजंटला, ते पावतीवर बघा. एजंटची पावती असेल तर मेल दोघांनाही पाठवा, नाहीतर पुढं दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.

गेटवर सगळ्यांनी एकदम आत शिरू नका. तिकीट स्कॅन होऊन मनगटावर पट्टा बसला की तुमचं म्हणणं फारसं कुणी ऐकत नाही. एकानं मेलची प्रत घेऊन चौकशी काउंटरवर जायचं, आज काय बंद आहे त्या बोर्डाचा फोटो काढायचा, आणि तारीख बदलायची की जायचं ते बाहेरच ठरवायचं.

कायद्याचं थोडं. मी वकील नाही, मोठी रक्कम असेल तर वकिलाला विचारा. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे पार्क पुण्याकडचं असलं तरी तुम्हाला बेळगावच्या ग्राहक आयोगात जाता येतं, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा, मराठीतही बोलतात. ‘परतावा नाही’ ही छापील अट दाखवली म्हणून गप्प बसायचं कारण नाही. आधी लेखी विचारलं होतं आणि उत्तर खोटं होतं, हे दाखवता आलं पाहिजे, एवढंच.

तारीख बदलून मिळाली तर आपल्या सीमाभागाला एक फायदा आहे, तो वापरा. कर्नाटक बोर्डाच्या शाळांना सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला लागते, तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांच्या परीक्षा चालू असतात. त्या दिवसांत खोपोलीच्या इमॅजिकाला आठवड्याच्या मधल्या वारी जा. दसऱ्याच्या सुट्टीतही तेच, कारण तिकडची मोठी सुट्टी दिवाळीला असते. फक्त दसरा आणि २ ऑक्टोबरला लागून येणारे शनिवार-रविवार टाळा. बेंगळुरूच्या वंडरलाचं उलटं आहे. ते बिडदीला, म्हैसूर रस्त्यावर, त्यामुळं दसऱ्यात तिथं सगळं राज्य लोटतं आणि रस्ताही भरलेला असतो. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात. आणि जून ते सप्टेंबर खोपोलीला जायचा विचार करू नका, घाटाखालचा पाऊस आहे तो, बाहेरच्या राइड कधी थांबतील सांगता येत नाही. सीबीएसईवाल्यांनी आपापल्या शाळेचं वेळापत्रक बघावं.

गाडीचंही आजच विचारून घ्या. केए-२३ची (चिक्कोडी पासिंगची) टेंपो ट्रॅव्हलर ठरवली असेल तर तिच्याकडं ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का, ते मालकाकडून फोटोसह मागवा. नसेल तर महाराष्ट्रासाठी वेगळं तात्पुरतं परमिट आणि कर लागतो, तो भाड्यात धरलाय की वर मागणार, हे आधी ठरवा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं नेऊ नका, अपघात झाला तर विम्यावाले हात वर करतात. कागल ते साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाची कामं चालू आहेत, त्यासाठी दीड-दोन तास जास्तीचे धरा. गेट उघडायच्या वेळेला पोचायचं तर आदल्या रात्रीचा मुक्काम पुण्यात किंवा लोणावळ्यात करा. पहाटे निपाणीहून निघून त्याच दिवशी पार्क करायचा बेत आखू नका, पहिले दोन तास हुकले की मोठ्या राइडच्या रांगा लागलेल्या असतात.