‘वय झालं’ म्हणण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सासूबाई ७३ वर्षांच्या आहेत. खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, जिना टाळतात. डॉक्टर म्हणाले, ‘या वयात चालायचंच.’ आता घरात त्यांना कुणी कामाला हात लावू देत नाही. बरोबर आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. कामं आधी त्यांना परत द्या. वयाबरोबर स्नायू घटतात हे खरं, पण त्यात न वापरण्याचा वाटा मोठा असतो, आणि ‘आई, तुम्ही बसा बरं’ म्हणत आपणच तो वाढवतो.

ताकद मोजता येते. हात नसलेली, बैठक साधारण १७ इंच उंच असलेली खुर्ची भिंतीला टेकवा. हातांची घडी छातीवर. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं? ७० ते ७४ वयाच्या बाईंना १० पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे. हात टेकावाच लागला तर शून्य धरायचं. पहिल्यांदा करताना शेजारी कुणी उभं राहा.

व्यायामही हाच. खुर्चीवर घट्ट उशी ठेवून सुरुवात करा : आठ वेळा उठ-बस, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. दिवसाआड. धपकन बसायचं नाही. तीन आकडे मोजत खाली यायचं, कारण उतरतानाही स्नायूंना मेहनत होते. आठ सहज जमले की उशी काढा, पुढे दोन्ही हातांत पाण्याची एकेक बाटली. चुकतं ते इथेच : घरची मंडळी काळजीपोटी भार वाढवूच देत नाहीत आणि महिनोन्‌महिने तेच आठ चालू राहतात. बॉस्टनमध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या अशक्त वृद्धांना देखरेखीखाली आठ आठवडे भारी वजनांचा व्यायाम दिला होता. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० सालचा आहे, तरी ‘चालायचंच’ चालूच आहे.

सोबत डाळ, दही, अंडी, पनीर यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. रात्रीच्या चहा-बिस्किटावर स्नायू धरत नाहीत. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच हाड मोडलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उठल्यावर चक्कर येत असेल तर रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने उतरला तर गोळ्यांचा फेरविचार हवा.

प्रश्न : वडील ८० चे. विचारतो एक, उत्तर भलतंच. मुलं हसतात, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणतात. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी कान बघा. वयानुसार ऐकू येणं कमी होतं तेव्हा बारीक, उंच पट्टीतले आवाज आधी जातात : स, श, फ. स्वर शाबूत राहतात. म्हणून ‘साल’ आणि ‘शाल’ सारखेच वाटतात आणि उत्तर भलतं येतं. ओरडलं की स्वरच फुगतात, घोटाळा तसाच. टीव्ही, मिक्सर बंद करून समोर, तोंडावर उजेड येईल असं बसा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ काढून घ्या (हेअरपिन किंवा गरम तेल नको), मग श्रवणचाचणी. यंत्र घेतलं तर सुरुवातीला ताटवाट्यांचा आवाजही नकोसा होतो. रोज थोडा वेळ वाढवत काही आठवडे द्यावे लागतात. पहिल्या आठवड्यात ते कपाटात गेलं, की सहसा बाहेर येत नाही.

एवढं करूनही विसरभोळेपणा राहिला, तर बी-१२ आणि थायरॉइड तपासा, आणि झोपेच्या व सर्दीच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा : जंतुसंसर्ग, सोडियम उतरणं, पडल्यावर डोक्यात रक्तस्राव, काहीही असू शकतं.

प्रश्न : हयातीच्या दाखल्यासाठी आईच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. काउंटरवरचे लोक तिच्याशी न बोलता माझ्याशीच बोलतात. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही मागच्या खुर्चीत बसा. प्रश्न तुम्हाला आला तर ‘खातं आईचं आहे, तिलाच विचारा’ एवढंच म्हणा. ठशांच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, म्हणून यंत्र चुकतं. मोबाइलवर ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही ॲप घेऊन चेहऱ्यावरून दाखला देता येतो. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, आणि पडद्यावर सूचना आली की डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.